प्रभाव पसरायला ताबा लागत नाही

२००२ च्या डिसेंबरात युरोप-अमेरिकेतल्या अठरा मोठ्या संग्रहालयांनी एक संयुक्त जाहीरनामा प्रसिद्ध केला. पॅरिसचे लूव्र, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन आणि बर्लिनची सरकारी संग्रहालये सह्या करणाऱ्यांत होती. प्राचीन संस्कृतींबद्दल आज जगभर जो आदर दिसतो, तो त्या संस्कृतींच्या वस्तू मोठ्या संग्रहालयांतून सर्व देशांच्या लोकांना पाहायला मिळाल्या नसत्या तर इतका खोल रुजला नसता, असा त्या जाहीरनाम्याचा रोख होता. आणि म्हणून अशा वस्तू परत मागणाऱ्यांनी सबुरीने घ्यावे, असे त्यातून सुचवलेले होते. वरवर पाहता हे म्हणणे पटण्यासारखे आहे. एखाद्या संस्कृतीच्या कलेने जग घडवले असेल तर ती कला सगळ्या जगाची झाली, मग ती बर्लिनमध्ये असली काय आणि कैरोत असली काय, असे कोणालाही वाटेल.

प्राचीन इजिप्तच्या कलेचा इतिहास मात्र नेमके उलटे सांगतो. ही कला भूमध्य समुद्राकाठच्या बहुतेक संस्कृतींपर्यंत पोचली, नाईलच्या उगमाच्या दिशेने आफ्रिकेत खोलवर गेली, आणि विसाव्या शतकात तिने दूरदूरच्या शहरांतल्या इमारती, दागिने आणि कापडांचे रूप बदलले. पण तिचा सकस, टिकाऊ परिणाम जिथे जिथे झाला तिथे तो लोकांनी इजिप्तमध्ये जाऊन शिकल्यामुळे, तिथल्या कारागिरांशी देवघेव केल्यामुळे, किंवा नकला, ठसे आणि छायाचित्रे हाती आल्यामुळे झाला. त्यासाठी मूळ वस्तू उचलून नेण्याची गरज क्वचितच पडली, आणि जिथे त्या नेल्या गेल्या तिथे बहुतेक वेळा समज वाढण्याऐवजी तुटली. म्हणून प्रभावाचा दाखला देऊन ताबा टिकवणे मला अन्यायाचे वाटते. प्राचीन इजिप्तची राणी नेफरटिटी हिचा अर्धपुतळा, एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेली रोझेटा शिला आणि डेंडेरा येथील मंदिराच्या छतातले राशिचक्र या तीन वस्तू इजिप्तला परत मिळाल्या पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रीकांचे उदाहरण सगळ्यांत बोलके आहे. मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एका नग्न तरुणाचा संगमरवरी पुतळा आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी अथेन्सच्या परिसरात तो घडवला गेला. उंची सुमारे १९५ सेंटिमीटर. डावा पाय पुढे, तरी दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकलेली. हात अंगालगत सरळ सोडलेले, मुठी वळलेल्या. खांदे रुंद, कंबर बारीक, नजर थेट समोर. केसांची वळणे मण्यांच्या माळांसारखी पाठीवर उतरलेली. ही उभे राहण्याची ठेवण ग्रीकांनी शोधलेली नाही. इजिप्तचे शिल्पकार त्याआधी दोन हजार वर्षे, अगदी पिरॅमिड बांधणाऱ्या राजांच्या काळापासून, आपले पुतळे असेच उभे करत आले होते.

साम्य केवळ ठेवणीत असते तर तो योगायोग म्हणता आला असता. पण ते मापांतही आहे. इजिप्तमध्ये चित्रकार भिंतीवर किंवा शिल्पकार दगडाच्या ठोकळ्यावर काम सुरू करण्यापूर्वी लाल रंगात भिजवलेल्या दोऱ्या ताणून समान चौकोनांचे जाळे आखत. उभी आकृती तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत अठरा चौकोनांत बसवायची, गुडघा सहाव्या रेषेवर, खांदे सोळाव्या रेषेवर, असे नियम ठरलेले होते. पुढे, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास, जाळे बदलले आणि तळपायापासून वरच्या पापणीपर्यंत एकवीस चौकोन झाले. न्यूयॉर्कमधल्या त्या ग्रीक तरुणाची मापे अभ्यासकांनी घेतली तेव्हा ती या एकवीस चौकोनांच्या जाळ्याशी लक्षणीय जुळली. म्हणजे ग्रीक शिल्पकारांनी नुसती नक्कल केली नव्हती. काम करण्याची रीत आत्मसात केली होती.

ग्रीकांना स्वतःला हे ऋण मान्य होते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला इतिहासकार डायोडोरस एक गोष्ट सांगतो. टेलेक्लीस आणि थिओडोरस या दोघा भावांनी सामोस बेटाच्या लोकांसाठी अपोलोचा पुतळा घडवला. एकाने अर्धा भाग सामोसमध्ये, दुसऱ्याने उरलेला अर्धा एफेससमध्ये, आणि दोन्ही भाग जोडले तेव्हा एकाच हाताने केल्यासारखे बसले. ही पद्धत ग्रीकांकडे नव्हती, ती इजिप्तची होती, असे डायोडोरस स्वच्छ लिहितो, आणि शरीराचे सव्वाएकवीस भाग करण्याचा हिशेबही देतो. गोष्ट घडली तशीच असेल असे मानण्याची गरज नाही. तिच्यात जो मुद्दा आहे तो महत्त्वाचा: मापाची रीत ठरलेली असली की कारागीर वेगवेगळ्या गावी असले तरी काम जुळते, ही इजिप्तची खरी देणगी.

आणि ही रीत त्यांच्याकडे आली कशी? साम्तिक पहिला या राजाने (इ.स.पू. ६६४ ते ६१०) आयोनिया (आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचा ग्रीक प्रदेश) आणि शेजारच्या कारिया भागांतले भाडोत्री सैनिक पदरी ठेवले. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात नौक्रातिस हे ग्रीक व्यापाऱ्यांचे गाव वसले. इसवी सनापूर्वी ५९० च्या आसपास दक्षिणेकडच्या मोहिमेवर गेलेल्या ग्रीक सैनिकांनी अबू सिंबेल येथे रामेसेस दुसऱ्याच्या प्रचंड पुतळ्याच्या पायावर आपली नावे कोरून ठेवली, ती आजही वाचता येतात. सामोसच्या हेरा देवीच्या मंदिरात इजिप्तमध्ये घडलेल्या लहान कांस्यमूर्ती सापडल्या आहेत. कुणी व्यापाऱ्याने, कुणी सैनिकाने त्या देवीला वाहिल्या असणार. माणसे गेली, त्यांनी डोळे भरून पाहिले, काही लहानसहान वस्तू विकत आणल्या, आणि घरी येऊन आपल्या देवांसाठी, आपल्या दगडात काम सुरू केले. अबू सिंबेलचे पुतळे जागच्या जागी राहिले.

शिकलेले पुढे बदलले, हेही तितकेच खरे. इजिप्तच्या पुतळ्याला बहुधा पाठीशी दगडी खांब असतो आणि हात व अंग यांच्यामध्ये दगड राखलेला असतो, कारण तो पुतळा मृताच्या प्राणशक्तीचे घर असायचा. तो मोडता कामा नये, हे शिल्पकाराचे पहिले कर्तव्य होते. ग्रीकांनी खांब काढला, मधला दगड कोरून टाकला, वस्त्र उतरवले. शाळा-महाविद्यालयांतल्या पुस्तकांत याची मांडणी नेहमी अशी येते की इजिप्तची कला ताठर आणि ग्रीकांनी तिच्यात प्राण ओतला. ही मांडणी मला मुळातच चुकीची वाटते. मोडू नये म्हणून घडवलेल्या वस्तूला ती हलत का नाही असे विचारण्यात अर्थ नसतो. शिवाय अखेनातेनच्या काळात, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात, याच कलेने राजाचे लोंबते पोट, लांबट चेहरा, मांडीवर खेळणाऱ्या मुली असे सगळे कोरून दाखवले. होरेमहेब राजाच्या अपूर्ण राहिलेल्या थडग्यात लाल रेषेत काढलेले कच्चे चित्र आणि त्यावर वरच्या हाताने काळ्या रेषेत केलेली दुरुस्ती भिंतीवर तशीच राहिली आहे; कुठे खांदा बोटभर खाली घेतला आहे, कुठे हाताचे वळण सुधारले आहे. नियमांच्या आत राहून इतक्या बारकाईने विचार करणाऱ्यांना ताठर म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

ग्रीकांइतकीच, किंबहुना त्यांच्याहून जास्त, चर्चा ज्यांची व्हायला हवी ते म्हणजे दक्षिणेकडचे कुश राज्य, म्हणजे आजच्या सुदानचा उत्तर भाग. ग्रीसवरचा इजिप्तचा प्रभाव सांगताना माणसे उत्साहाने बोलतात आणि आफ्रिकेवरचा प्रभाव एका वाक्यात उरकतात, ही जुनी खोड आहे. कुशच्या राजांनी इसवी सनापूर्वी आठव्या शतकात खुद्द इजिप्तवर राज्य केले आणि ते ओसरल्यावरही हजार वर्षे आपल्या भूमीत ही कला जिवंत ठेवली. सुदानमध्ये दोनशेहून अधिक पिरॅमिड आहेत, इजिप्तपेक्षा जास्त. आकाराने लहान, उताराने तीव्र, पुढे लहानसे पूजास्थान असलेले.

नागा येथील सिंहमुखी अपेडेमाक देवाचे मंदिर नीट पाहिले म्हणजे प्रभाव म्हणजे काय ते कळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात राजा नाताकामानी आणि राणी अमानितोरे यांनी ते बांधले. प्रवेशद्वाराच्या दोन बुरुजांवर दोघे समोरासमोर कोरलेले आहेत. डाव्या बाजूला राजा, उजव्या बाजूला राणी, आणि दोघेही शत्रूंच्या झुंडीला केसांना धरून हत्यार उगारलेले. शत्रूला मारणाऱ्या राजाची ही मुद्रा इजिप्तमध्ये पहिल्यांदा ठळक दिसते ती नार्मेर राजाच्या पाटीवर, इसवी सनापूर्वी ३१०० च्या सुमारास. तीन हजार वर्षांनी तीच मुद्रा एका राणीने घेतली, नवऱ्याच्या बरोबरीच्या आकारात, रुंद बांध्याची, जाड मांड्यांची, लांब नखांची, तिच्या पायाशी सिंह. इजिप्तच्या कोणत्याही राणीला शिल्पकाराने असे शरीर दिले नसते. सडपातळपणा हाच तिथला संकेत होता. देव स्थानिक, सौंदर्याची कल्पना स्थानिक, राणीचा अधिकार स्थानिक, आणि बोलण्याची भाषा मात्र इजिप्तच्या शिल्पाची. नार्मेरची पाटी त्यासाठी कुणी कुशच्या राजधानीला, मेरोवेला, नेली नव्हती.

या वारशाचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे. १८३४ मध्ये जुझेप्पे फेर्लिनी या इटालियन डॉक्टरने खजिन्याच्या शोधात मेरोवेचे पिरॅमिड वरून फोडले. राणी अमानिशाखेतोचे सोन्याचे दागिने त्याला मिळाले, आणि ते युरोपात विकायला काढल्यावर आफ्रिकेत असे काम झाले असेल यावर अनेकांचा विश्वासच बसेना. ते दागिने आज बर्लिन आणि म्युनिकमध्ये आहेत. शेंडे उडालेले पिरॅमिड सुदानमध्ये आहेत.

मूळ वस्तू उचलून नेणारे प्राचीन काळीही होते, आणि ते म्हणजे रोमन. ऑगस्टसने इसवी सनापूर्वी १० मध्ये इजिप्तमधल्या हेलिओपोलिसहून दोन दगडी स्तंभ जहाजातून आणले, पुढच्या सम्राटांनी आणखी आणले, आणि आज रोममध्ये इजिप्तचे आणि त्यांच्या धर्तीवर रोमन काळात घडवलेले मिळून तेरा प्राचीन स्तंभ उभे आहेत, खुद्द इजिप्तमध्ये मूळ जागी उभे उरलेत त्यांहून अधिक. यातून रोमन शिल्पकार काय शिकले? स्पॅनिश पायऱ्यांच्या माथ्यावर उभा असलेला स्तंभ याचे उत्तर देतो. त्यावरची चित्रलिपी रोममध्ये कोरलेली आहे, ऑगस्टसने आणलेल्या एका स्तंभावरून उतरवून, आणि ती उतरवताना खुणा चुकलेल्या आहेत, कारण कोरणाऱ्याला ती वाचता येत नव्हती. मूळ वस्तू शहराच्या मधोमध उभी होती, पण तिचा अर्थ सांगणारे लोक समुद्रापलीकडे राहिले होते.

इजिप्तने नुसते दिले, घेतले काहीच नाही, असे कुणी समजू नये. त्रिभुज प्रदेशात तेल अल-दबा येथे उत्खननात क्रीट बेटाच्या शैलीतली, बैलांवरून उड्या मारणाऱ्या तरुणांची भित्तिचित्रे सापडली आहेत. आणि डेंडेऱ्याचे राशिचक्र तर या देवघेवीचा नकाशाच म्हणावा असे आहे. हथोर देवीच्या मंदिराच्या गच्चीवरच्या एका लहान खोलीच्या छतात ते कोरलेले होते, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. आकाशाचे वर्तुळ चार दिशांना उभ्या चार स्त्रिया आणि गुडघ्यांवर बसलेल्या ससाणामुखी आकृत्यांच्या जोड्या हातांवर तोलून धरतात. आत मेष, वृषभ, वृश्चिक अशा बाबिलोनहून ग्रीकांमार्फत आलेल्या राशी आहेत, त्यांच्या शेजारी पाणघोड्याच्या रूपातली इजिप्तची स्वतःची नक्षत्रे आहेत, आणि कडेने छत्तीस तारकागटांच्या आकृत्या फिरत गेल्या आहेत. आपल्याकडे पत्रिका मांडताना राशीचे तीन द्रेष्काण करतात; बारा राशींचे ते छत्तीस भाग मुळात इजिप्तच्या याच छत्तीस गटांवरून आलेले आहेत, ग्रीक ज्योतिषाबरोबर प्रवास करत. म्हणजे या छताशी महाराष्ट्रातल्या पंचांगवाल्या घरांचेही दूरचे नाते आहे. तो प्रवास कल्पनांनी केला, छताने नव्हे.

छत हलले ते १८२१ मध्ये. सोल्निए नावाच्या फ्रेंच संग्राहकाने पाठवलेल्या लेलोरँने ते करवती, छिन्न्या आणि सुरुंगाची दारू वापरून कापून काढले. फ्रान्सच्या राजाने त्यासाठी दीड लाख फ्रँक मोजले. आज ते लूव्रमध्ये आहे आणि डेंडेऱ्याच्या छतात त्याचा ठसा बसवला आहे. ज्या खोलीत ओसिरिस देवाच्या पुनर्जन्माचे विधी होत, तिच्याच भिंतींशी या आकाशाचा संबंध होता. तो संबंध करवतीने तुटला, आणि ज्यांचे छत त्यांनाच ठशावर समाधान मानावे लागते आहे. एकाने मूळ आणि दुसऱ्याने ठसा ठेवायचाच असेल तर उलट वाटणी का नको, या प्रश्नाचे पटणारे उत्तर मला अद्याप कुठे वाचायला मिळालेले नाही.

नेबामुन या प्राचीन इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्याची कहाणी याहून वाईट आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली त्याची चित्रे इजिप्तच्या चित्रकलेचा कळस मानली जातात: दलदलीत पक्ष्यांची शिकार करणारा नेबामुन, पपायरसच्या झुडपांतून उठलेले पक्षी, आणि त्यांना झडप घालून धरणारे मांजर, ज्याच्या डोळ्याला सोन्याचा वर्ख लावला आहे. ब्रिटिश वाणिज्यदूत हेन्री सॉल्टसाठी काम करणाऱ्या ग्रीक जोवान्नी द'अथानासीने १८२० च्या सुमारास हे तुकडे भिंतीवरून काढले, आणि थडगे नेमके कुठे होते ते सांगितलेच नाही. दोनशे वर्षे झाली, ते थडगे आजवर सापडलेले नाही. चित्रे वाचली असे म्हणता येईल. पण ज्या भिंतीवर ती होती, ज्या दिशेला तिचे तोंड होते, शेजारी काय होते, हे सगळे गेले. प्राचीन इजिप्तमध्ये चित्र ही भिंतीपासून सुटी काढून बघायची गोष्टच नव्हती.

रोझेटा शिलेबद्दल तर असे बोलले जाते, जणू ती लंडनला गेली नसती तर चित्रलिपी कधी वाचताच आली नसती. १७९९ मध्ये ती नेपोलियनच्या सैनिकांना सापडली, १८०१ च्या तहानुसार ब्रिटिशांनी ती घेतली, आणि शिलेच्या कडेवर इंग्रजीत तसे रंगवूनही ठेवले की १८०१ साली ब्रिटिश सैन्याने ही इजिप्तमध्ये हस्तगत केली. पण लिपीची उकल ज्याने १८२२ मध्ये केली तो फ्रेंच अभ्यासक शाँपोल्यों पॅरिसमध्ये बसून ठसे आणि छापील प्रतींवरून काम करत होता; शिलेवरच्या मजकुराच्या प्रती तोवर युरोपभर पोचल्या होत्या. दुसरा आधार होता तो कॉप्टिक भाषेचा, म्हणजे प्राचीन इजिप्शियन भाषेच्या त्या वंशजाचा जी इजिप्तच्या ख्रिस्ती चर्चने प्रार्थनेत जपून ठेवली होती. उकलीचे श्रेय द्यायचे तर त्या प्रतींना आणि त्या चर्चला द्यावे लागेल. शिला काचेच्या पेटीत कुठल्या शहरात आहे याचा त्याच्याशी संबंध नाही.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र १९२२ सालचा आहे. ४ नोव्हेंबरला हॉवर्ड कार्टरला तुतनखामुनच्या थडग्याची पहिली पायरी सापडली. त्याच वर्षी फेब्रुवारीत इजिप्तला, नावापुरते का होईना, स्वातंत्र्य मिळाले होते. जुन्या प्रथेप्रमाणे अर्धा वाटा मिळेल ही उत्खननाला पैसा पुरवणाऱ्यांची अपेक्षा इजिप्तच्या सरकारने फेटाळली आणि पाच हजारांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह कैरोत राहिला. आता, जाहीरनाम्याचे म्हणणे खरे असते तर या थडग्याचा जगावर फारसा परिणाम व्हायला नको होता. प्रत्यक्षात काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. हॅरी बर्टनने काढलेली छायाचित्रे वर्तमानपत्रांतून घरोघरी गेली, आणि पुढच्या दहा वर्षांत कमळाच्या माथ्याचे खांब, पसरलेल्या पंखांचे गिधाड, किरमिजी-निळ्या-सोनेरी पट्ट्यांची रंगसंगती चित्रपटगृहांच्या दर्शनी भागांपासून अंगठ्यांपर्यंत सगळीकडे उतरली. आर्ट डेको या शैलीच्या अनेक उगमांपैकी हा एक ठळक उगम; मुंबईत ओव्हल मैदानाच्या आणि मरीन ड्राइव्हच्या कडेने ज्या शैलीच्या इमारती उभ्या आहेत ती हीच. अमेरिकेत मेटा वॉरिक फुलर या कृष्णवर्णीय शिल्पकर्तीने तर थडगे सापडण्यापूर्वीच, राजशिरोवस्त्र घातलेली आणि ममीच्या पट्ट्या सोडवत उठणारी स्त्री घडवून आपल्या समाजाच्या जागृतीचे शिल्प केले होते. इतका मोठा प्रभाव, आणि तुतनखामुनचा मुखवटा होता कैरोत.

आक्षेप बरेच आहेत आणि त्यांतले काही प्रामाणिक आहेत. पहिला सुरक्षिततेचा. २०११ च्या जानेवारीत कैरोच्या संग्रहालयात चोर शिरले होते. २०२५ च्या सप्टेंबरात तिथल्याच डागडुजीच्या प्रयोगशाळेतून राजा अमेनेमोपेचे सोन्याचे कडे चोरीला गेले आणि वितळवले गेले. हे लपवून चालणार नाही, ती भरून न येणारी हानी आहे. खार्टूमचे राष्ट्रीय संग्रहालय तर सुदानच्या युद्धात लुटले गेले. पण २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमलाच आपल्या सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्या, हरवल्या किंवा बिघडवल्या गेल्याचे कबूल करावे लागले, आणि अमेनेमोपेचे कडे गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात लूव्रमधून फ्रान्सच्या राजघराण्याचे दागिने भरदिवसा पळवले गेले. त्यावरून फ्रान्सने आपला ठेवा दुसऱ्या देशाकडे सोपवावा असे कोणी सुचवले नाही, आणि सुचवूही नये. सुरक्षिततेचा निकष लावायचा तर तो सगळ्यांना एकच लागला पाहिजे. शिवाय १ नोव्हेंबर २०२५ रोजी गिझाच्या पिरॅमिडांशेजारी इजिप्तचे नवे भव्य संग्रहालय रीतसर खुले झाले असून तुतनखामुनचा सगळा संग्रह पहिल्यांदाच एकत्र मांडला गेला आहे. जागा नाही, साधने नाहीत, हे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त खटकतो. आजचे इजिप्शियन लोक अरबी बोलतात, बहुसंख्य मुसलमान आहेत, त्यांचा त्या मूर्तिपूजक संस्कृतीशी संबंध काय, असे सभ्य शब्दांत विचारले जाते. हा प्रश्न अथेन्सच्या ख्रिस्ती रहिवाशांना झ्यूसच्या मंदिराबद्दल कोणी विचारत नाही. इसवी सन १२०० च्या सुमारास इजिप्त पाहायला गेलेला बगदादचा विद्वान अब्द अल-लतीफ याने स्फिंक्सच्या चेहऱ्याच्या प्रमाणबद्धतेचे मनापासून कौतुक केले आहे. आणि आधुनिक इजिप्तने महमूद मुख्तारच्या हातून काय घडवले ते पाहावे. पॅरिसमध्ये शिकलेल्या या शिल्पकाराचे ‘नहदत मिस्र’, म्हणजे इजिप्तची जागृती, हे शिल्प १९२८ मध्ये कैरोच्या रेल्वे स्थानकासमोर उभे राहिले. त्यासाठी लोकांनी वर्गणी गोळा केली होती. पुढचे पाय रोवून उठू पाहणारा स्फिंक्स, त्याच्या डोक्यावर हात ठेवलेली आणि दुसऱ्या हाताने चेहऱ्यावरचा पडदा दूर करणारी शेतकरी स्त्री, आणि दोन्हींसाठी जुना इजिप्शियन ग्रॅनाइट. ब्रिटिशांविरुद्धच्या १९१९ च्या उठावानंतरच्या त्या पिढीने आपला वारसा ओळखला होता आणि तो कामाला लावला होता.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो नेफरटिटीच्या बाबतीत हमखास पुढे येतो. ६ डिसेंबर १९१२ रोजी अमार्ना येथे थुतमोस या शिल्पकाराच्या कार्यशाळेत लुडविग बोर्खार्ट यांच्या पथकाला तो अर्धपुतळा सापडला, २० जानेवारी १९१३ रोजी तेव्हाच्या नियमांनुसार वाटणी झाली आणि तो जर्मनीच्या वाट्याला गेला. बोर्खार्ट यांनी त्याचे महत्त्व मुद्दाम झाकले की नाही हा वाद वेगळा. माझा मुद्दा त्यावर अवलंबून नाही. माझा मुद्दा असा की त्या दिवशी वाटणी मागणारे जर्मन होते, ती मंजूर करणारा पुरातत्त्व खात्याचा निरीक्षक फ्रेंच होता, खात्याचा प्रमुख १८५८ पासून फ्रेंचच असे, आणि देशावर ताबा १८८२ पासून ब्रिटिशांचा होता. ज्यांची वस्तू ते त्या निर्णयात कुठेच नव्हते. असा व्यवहार कागदावर कायदेशीर असू शकतो. तेवढ्याने तो न्याय्य ठरत नाही, हे भारतातल्या वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. २०२४ मध्ये लंडनहून वाघनखे साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या बोलीवर. ती महाराजांचीच का, हा वाद बाजूला ठेवला तरी आपल्या इतिहासाशी जोडलेली वस्तू ठराविक मुदतीसाठी पाहुणी म्हणून येते तेव्हा मनाला काय वाटते, ते आपण अनुभवतो आहोत.

सगळेच परत करा, असे माझे म्हणणे नाही. इजिप्तबाहेरच्या संग्रहालयांत लाखो वस्तू आहेत. त्यांतल्या कित्येक रीतसर विकत घेतलेल्या किंवा खुल्या मनाने दिलेल्या आहेत, आणि त्या जिथे आहेत तिथे राहिल्याने कुणाचे काही बिघडत नाही. त्या कशा आल्या हे मात्र त्यांच्याखालच्या पाटीवर स्पष्ट लिहिलेले असावे. उसनवारीचा रस्ताही चांगला आहे: २०२३ च्या डिसेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम यांची प्राचीन शिल्पे शेजारी शेजारी मांडली गेली, ती परदेशी संग्रहालयांनी उसन्या दिलेल्या मूर्तींमुळेच. फक्त या रस्त्यावर मालक कोण आणि पाहुणा कोण हे कायमचे ठरलेले असू नये. नेफरटिटी कैरोच्या मालकीची होऊन काही वर्षांसाठी बर्लिनला आली तर जर्मन प्रेक्षकांचे काहीही हिरावले जाणार नाही.

बर्लिनमध्ये हा विचार नवा नाही. १९२९-३० मध्ये इजिप्तने नेफरटिटीच्या बदल्यात दुसरी महत्त्वाची शिल्पे देऊ केली होती आणि संग्रहालयाचे अधिकारी तयारही झाले होते. वर्तमानपत्रांतून गदारोळ झाल्यावर सरकारने माघार घेतली. त्या वेळी परत देण्याच्या बाजूने जाहीर पत्र लिहिणाऱ्यांत जेम्स सिमॉन होते. अमार्नाच्या उत्खननाचा खर्च त्यांनी केला होता, जर्मनीच्या वाट्याच्या वस्तू कायद्याने त्यांच्याच मालकीच्या झाल्या होत्या आणि १९२० मध्ये त्यांनीच त्या संग्रहालयाला दान दिल्या होत्या. दिलेला शब्द पाळा, असे त्यांचे म्हणणे होते. २०१९ मध्ये बर्लिनच्या संग्रहालय बेटावर त्यांच्या नावाची भव्य प्रवेश-इमारत खुली झाली. त्याच बेटावरच्या नॉयेस म्युझियममध्ये अर्धपुतळा आहे, त्याचे तपशीलवार त्रिमितीय स्कॅन जाहीर झालेले आहे, आणि त्याच्या प्रतिकृती बर्लिनच्याच सरकारी ठसे-कार्यशाळेत बनवून विकल्या जातात. बर्लिनने प्रतिकृती आपल्याकडे ठेवावी आणि सिमॉन यांनी ज्याची विनंती केली होती ते आता करावे. लंडन आणि पॅरिसला त्यानंतर नकार देणे अवघड जाईल.